जनता, पायलट, कांचन : एचएमटीच्या घड्याळांचा इतिहास, सीमाभागातून

स्मरणिकेत संस्थेचा इतिहास म्हणजे शाळेचा, वाचनालयाचा, फार तर पतसंस्थेचा, असा आपल्याकडचा रिवाज. मी तो मोडून एका कारखान्याचा इतिहास लिहायला घेतला आहे, आणि तोही बिदर-कलबुर्गीपासून सहाशे-सातशे किलोमीटर दूर, बेंगळुरूच्या जालहळ्ळीतला. कारण सोपे आहे. भालकी, औराद, बसवकल्याण, हुमनाबाद, आळंद या पट्ट्यातल्या जुन्या मराठी घरांची कपाटे उघडा. लुगड्यांच्या घड्यांखाली, नाहीतर गोदरेजच्या चोरकप्प्यात एचएमटीचे एखादे घड्याळ निघतेच. आजोबांचे, मास्तरांना निवृत्तीच्या समारंभात मिळालेले, नाहीतर मामांना लग्नात घातलेले. जी संस्था घराघरांत गेली तिचा इतिहास आपला नाही, असे कसे म्हणायचे?

माझ्या मते या संस्थेचे दोन भाग होते. एक जालहळ्ळीचा, त्याची नोंद सरकारी अहवालांत आहे. दुसरा गावोगावच्या बाजारात काचेच्या पेटीमागे मान खाली घालून बसणाऱ्या घड्याळजींचा. त्यांची नावे कंपनीच्या पगारपत्रकावर कधी चढली नाहीत. पहिला भाग २०१६ मध्ये बंद झाला. दुसरा अजून चालू आहे.

कारखान्याच्या आधी आपल्याकडे काळ कसा मोजला जाई, हे थोडे सांगितले पाहिजे. या मातीचा काळाशी संबंध जुना आहे, आणि तो बहुतेक वेळा राजवाड्यातून खाली आलेला आहे. १०७६ साली कल्याणच्या गादीवर बसलेल्या सहाव्या विक्रमादित्याने चालू शकगणना बाजूला सारली आणि आपल्या राज्यारोहणापासून चालुक्य-विक्रम वर्ष सुरू केले. ते कल्याण म्हणजे आजचे बसवकल्याण. पुढे किती तरी दशके कर्नाटक-महाराष्ट्रातले शिलालेख त्या गणनेने कोरले गेले. सव्वातीनशे वर्षांनी गुलबर्ग्याच्या, म्हणजे आजच्या कलबुर्गीच्या, फिरोजशहा बहमनीला वेधशाळा बांधावीशी वाटली. हा सुलतान भूमितीचा आणि ज्योतिषाचा शौकीन होता. इतिहासकार फरिश्ता लिहितो त्याप्रमाणे १४०७ च्या सुमारास दौलताबादजवळच्या घाटमाथ्यावर काम सुरू झाले. ते हकीम हसन गिलानी आणि सय्यद महंमद काझरूनी यांच्यावर सोपवले होते. हकीम वारला आणि काम तिथेच थांबले. ती वेधशाळा पुरी झाली असती तर समरकंदच्या उलुगबेगाच्या वेधशाळेआधी वीसेक वर्षे दख्खनमध्ये ताऱ्यांचे वेध घेतले गेले असते. एका माणसाच्या मरणाने थांबलेल्या संस्था आपण आजही पाहतो, म्हणून याचे नवल वाटत नाही. वाईट मात्र वाटते.

रयतेला या सगळ्याचे काय? तिच्याकडे सावली होती, मशिदीची बांग होती, देवळातला चौघडा होता, आणि लग्नाच्या मुहूर्ताला जोशीबुवांचे घटिकापात्र होते. बुडाला बारीक भोक पाडलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडायची. भरून बुडाली की एक घटका झाली. अशा साठ घटका म्हणजे अहोरात्र, म्हणून घटका २४ मिनिटांची. घटकेची साठ पळे, पळाची साठ विपळे. वाटीने विपळ मोजता येत नसे, तरी ते पंचांगाच्या गणितात होतेच. या विपळाकडे पुढे पुन्हा यायचे आहे.

बिदर शहराच्या मधोमध चार रस्त्यांच्या तोंडाशी उभा असलेला चौबारा मूळचा टेहळणीचा बुरूज. उंची ७१ फूट, आत ८० पायऱ्यांचा गोल जिना. शत्रू दिसावा म्हणून बांधलेल्या या मनोऱ्याच्या माथ्यावर आज घड्याळ आहे. वेळ ही आधी सत्तेची आणि मग बाजाराची वस्तू होते, हा प्रवास या एका इमारतीत दिसतो.

निजामी राजवटीत फसली साल चाले. ते आजूर महिन्यापासून, म्हणजे आपल्या ऑक्टोबरच्या सुरुवातीपासून सुरू होई. जमिनीचे जुने कागद काढले की आजही पहिला प्रश्न असतो तो साल इसवी की फसली हा; फसलीत ५९० मिळवले की इसवी सन जवळपास हाती येते. पण तास आणि मिनिटे रोजच्या जगण्यात आणली ती रेल्वेने. १८७१ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे गुलबर्ग्यावरून रायचूरला जाऊन मद्रास रेल्वेला मिळाली, आणि १८७४ मध्ये वाडीहून हैदराबादला फाटा गेला. तेव्हा रेल्वेची घड्याळे मद्रासच्या वेळेवर चालत. मुंबईची वेळ तिच्यापेक्षा साधारण अर्धा तास मागे. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ आली, तरी मुंबईने आपली वेळ सोडायला १९५५ साल उजाडले. प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची, कलबुर्गी ७७ अंशांच्याही किंचित पश्चिमेला. त्यामुळे मनगटावर बारा वाजले तरी कलबुर्गीचा सूर्य डोक्यावर यायला सरासरी तेवीस मिनिटे लागतात, बिदरचा वीस मिनिटांनी येतो. या दोन गावांच्या माध्यान्हात अडीच-तीन मिनिटांचे अंतर आहे. त्यांना थेट जोडणारा ११० किलोमीटरचा रेल्वेमार्ग मात्र पुरा व्हायला २०१७ साल यावे लागले. दोन गावांमधली वेळ मोजणे सोपे, गाडी सोडणे अवघड.

आता कारखान्याकडे वळू.

१ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्याचा नकाशा फाटला तेव्हा बिदर जिल्ह्याचे तीन तुकडे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले, काही तालुके आंध्रात, आणि बिदर, भालकी, औराद, हुमनाबाद, बसवकल्याण म्हैसूर राज्यात राहिले. गुलबर्गाही म्हैसुरातच. इथल्या मराठी घरांची सोयरीक लातूर-सोलापूरची, पुस्तके पुण्याची, आणि राजधानी एकाएकी बेंगळुरू. त्यावर बोलण्यासारखे, भांडण्यासारखे पुष्कळ आहे, पण ते या लेखाचे काम नाही. पाच वर्षांनी त्याच बेंगळुरूतून एक वस्तू आली आणि तिच्याबद्दल मात्र कुणी तक्रार केली नाही, एवढेच नोंदवतो.

हिंदुस्थान मशीन टूल्स, म्हणजेच एचएमटी, ही सरकारी कंपनी १९५३ मध्ये स्थापन झाली. स्वित्झर्लंडच्या ओर्लिकोन कंपनीशी करार करून जालहळ्ळीत लेथ बनवण्याचा कारखाना उभा राहिला. त्या काळात एम. के. मथुल्ला व्यवस्थापकीय संचालक होते, आणि पुढे एस. एम. पाटील यांनी कंपनी वाढवली. या दोघांचे नाव घेतल्याशिवाय भारतातल्या यंत्र-हत्यारांचा इतिहास सांगता येत नाही. यंत्रे बनवणारी यंत्रे करणाऱ्या कारखान्याने घड्याळात हात का घालावा, असा प्रश्न पडू शकतो. उत्तर मापात आहे. मनगटी घड्याळात बॅलन्स या झुलत्या चाकाच्या दांडीची टोके केसाएवढी बारीक असतात आणि ती लाखोंच्या संख्येने एकसारखी निघावी लागतात. एवढे बारीक कातकाम करणारी यंत्रे, ती चालवणारे हात आणि मापे तपासण्याची शिस्त ज्यांच्याकडे आहे, त्यांनाच हे झेपते. दुसरे कारण परकीय चलनाचे. तोवर देशात मनगटी घड्याळ म्हणजे आयात झालेले, नाहीतर चोरट्या मार्गाने आलेले. पंचवार्षिक योजनांच्या काळात घड्याळासाठी डॉलर खर्चणे सरकारला परवडणारे नव्हते.

१९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीशी सहकार्य करून बेंगळुरूत घड्याळ कारखाना सुरू झाला. तिथे बनलेली चावीच्या घड्याळांची पहिली तुकडी पंडित नेहरूंच्या हस्ते बाहेर पडली. सुरुवातीच्या काही घड्याळांच्या तबकडीवर एचएमटीबरोबर सिटिझनचेही नाव असे. ती आज संग्राहक शोधत फिरतात. आधी भाग जपानहून येत आणि इथे जोडले जात; मग एकेक भाग इथेच बनू लागला. जोडणीच्या कामात स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या.

या घड्याळाच्या आत काय चालते ते नीट सांगितले पाहिजे, कारण पिढ्यान्‌पिढ्या ते मनगटावर बांधूनही बहुतेकांनी आत कधी डोकावले नाही. रोज सकाळी चावी देताना आपण बॅरल नावाच्या चपट्या डबीत बसवलेली मेनस्प्रिंग गुंडाळत असतो. तिला सुटायचे असते. तिला एकदम सुटू दिले तर काटे गरगर फिरून क्षणात थांबतील. म्हणून तिची ताकद चक्रांच्या रांगेतून पुढे पाठवतात. मधले चाक तासाला एक फेरा घेते, चौथे मिनिटाला एक, आणि शेवटचे पंधरा दातांचे एस्केप चाक मिनिटाला दहा फेरे. एस्केपसमोर पॅलेट हा दुटोकी आकडा आडवा येतो. तो एक दात सोडतो, दुसरा अडवतो. आपण ऐकतो ती टिकटिक म्हणजे अडवल्याचा आवाज. घड्याळ चालण्याचा नव्हे, थांबण्याचा. आणि हे सोडणे-अडवणे किती वेगाने व्हावे ते बॅलन्स आणि त्याची हेअरस्प्रिंग ठरवते. बॅलन्स हे इवलेसे चाक इकडून तिकडे झुलते आणि केसासारखी गुंडाळी त्याला दर वेळी परत ओढते.

जनता आणि पायलट या घड्याळांचा बॅलन्स सेकंदाला पाच ठोके देतो, तासाला १८,०००. एक झोका जाऊन यायला दोन ठोके लागतात, म्हणजे ०.४ सेकंद. आता मघाचे विपळ घ्या. पळ २४ सेकंदांचे, त्याचा साठावा भाग ०.४ सेकंद. जोशीबुवांच्या वाटीला कधीच न मोजता आलेले विपळ या चाकाच्या एका झोक्यात अचूक बसते. ही योजना नाही, निव्वळ योगायोग आहे. पण गणित आवडणाऱ्याला तो गोड लागतो. आणखी एक गंमत. दिवसभराचे ठोके मोजले तर ४,३२,००० होतात. पुराणांनी कलियुगाची वर्षे तेवढीच सांगितली आहेत. चावीचे घड्याळ रोज एक कलियुग पार पाडते, असे एखाद्या कीर्तनकाराने सांगितले तर मी टाळ्या वाजवीन.

तबकडीवरच्या ‘१७ ज्वेल्स’ या शब्दांनी आपल्याकडे बराच गोंधळ घातला. सतरा खडे म्हणजे सतरा माणके असे समजून लोक घड्याळ दुरुस्तीला देताना घाबरत, “आमच्यासमोर उघडा, खडे मोजून द्या” म्हणत. ते खडे कृत्रिम माणकाचे असतात. दांड्यांची टोके त्यांत फिरतात, कारण खडा धातूपेक्षा कमी झिजतो आणि तेल धरून ठेवतो. बाजारात त्यांना दागिन्याची किंमत नाही. तरीही “मशीन बदललं” हा संशय गिऱ्हाइकाच्या मनातून कधी पूर्ण गेला नाही, आणि प्रामाणिक घड्याळजींना आयुष्यभर त्या संशयाचे ओझे वाहावे लागले.

कलबुर्गीच्या मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो. साधी पोलादी हेअरस्प्रिंग तापली की सैल पडते आणि घड्याळ मागे पडू लागते. हा प्रश्न सुटला तो शार्ल एदुआर ग्योम या स्विस शास्त्रज्ञाने शोधलेल्या निकेल-पोलादाच्या मिश्रधातूंमुळे. उष्णतेने त्यांचा ताठपणा फारसा बदलत नाही. त्या कामाबद्दल त्याला १९२० चे नोबेल पारितोषिक मिळाले. आळंदच्या शेतावर दुपारी तापलेल्या मनगटावरचे जनता घड्याळ मिनिटभराच्याच फरकाने चालत असेल, तर त्यात या माणसाचा वाटा आहे.

मॉडेलांची नावे आजही लोक कुटुंबातल्या माणसांच्या नावांसारखी घेतात. जनता हे साधे, शिक्षक-तलाठ्यांचे. त्याच्या एका तबकडीवर आकडे देवनागरीत होते. रोज कन्नड पाट्या आणि इंग्रजी अर्ज वाचणाऱ्या आमच्या मंडळींना आपल्या लिपीतले घड्याळ बेंगळुरूहून यावे, याची मजा वाटे. पायलट काळ्या तबकडीचे, तरुणांच्या पसंतीचे. जवान लष्कराच्या नावाचे. सोना चपटे आणि रुबाबदार. कोहिनूर भारदस्त. आणि कांचन: सोनेरी, आपोआप चावी भरणारे, वार-तारीख दाखवणारे. कांचन मिळवणे हेच एक काम होते. दुकानात ते नसे, दुकानाबाहेर चढ्या भावाने असे. लग्नाच्या बोलणीत घड्याळाचा उल्लेख आला की ‘कांचन’ हा शब्द वेगळा उच्चारला जाई. हुंड्याच्या यादीत सरकारी कंपनीचे नाव आले, हा एचएमटीच्या इतिहासातला भाग कुठल्या वार्षिक अहवालात सापडणार नाही. पण सीमाभागातल्या लग्नांच्या आठवणी काढल्या की तो येतोच.

मागणी एवढी की कारखाने वाढत गेले. १९७२ मध्ये बेंगळुरूतच दुसरा, १९७५ मध्ये श्रीनगरला, १९७८ मध्ये तुमकूरला, आणि १९८०च्या दशकात नैनितालजवळ राणीबागला. अंधांसाठी ब्रेल घड्याळ काढले. १९८३ मध्ये लालबागेत फुलांचे मोठे घड्याळ उभे राहिले. बेंगळुरूला सहलीला गेलेल्या आपल्याकडच्या शाळांच्या मुलांनी ते हमखास पाहिले आहे.

मात्र कारखाना घड्याळ विकेपर्यंत जबाबदार. पुढची वीस-तीस वर्षे त्याला कुणी चालते ठेवले? बिदरमध्ये चौबाऱ्याभोवतीच्या बाजारात, कलबुर्गीच्या सुपर मार्केटमध्ये, बसवकल्याण-हुमनाबादच्या बसस्टँडजवळ, एखाद्या किराणा दुकानाच्या ओट्यावर, हातभर रुंद जागेत बसणाऱ्यांनी. कुणी त्यांना घड्याळजी म्हणे, कुणी घडीसाज. गिऱ्हाइकाशी मराठीत, शेजाऱ्याशी दख्खनीत आणि तहसीलच्या कारकुनाशी कन्नडात बोलणारी ही मंडळी. विद्या उस्तादाकडून घेतलेली: आधी काही महिने नुसता पट्टा बदलणे आणि काच बसवणे, मग टेबलावरचे गजराचे घड्याळ उघडणे, आणि फार पुढे मनगटी घड्याळाच्या बॅलन्सला हात लावायची परवानगी. कुठे प्रमाणपत्र नाही, अभ्यासक्रम नाही.

हत्यारे थोडीच. डोळ्याच्या खोबणीत पकडून धरायचे भिंग, टोकदार चिमटे, बारीक पेचकस, धूळ उडवायला रबरी फुगा, सुटे भाग झाकायला काचेची वाटी, आणि तेलाच्या थेंबाला टाचणी. घड्याळ उघडायचे, भाग सुटे करायचे, पेट्रोलमध्ये धुवायचे, सुकवायचे, पुन्हा जोडायचे, आणि प्रत्येक खड्यात टाचणीच्या टोकावरचा तेलाचा ठिपका ठेवायचा. कमी पडले तर टोक झिजते, जास्त झाले तर तेल पसरून हेअरस्प्रिंगला लागते, तिचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ तासाला मिनिटांनी पुढे पळू लागते. घड्याळ रेडिओच्या स्पीकरवर ठेवले तरी हेच होते, कारण चुंबकाने वेढे चिकटतात. आमच्याकडे रेडिओवर घड्याळ ठेवण्याची सवय सार्वत्रिक होती, त्यामुळे घड्याळजींना हे दुखणे पाठ असे. तुरीच्या दालमिलची बारीक धूळ आणि काळ्या मातीचा फुफाटा ही दुसरी दुखणी.

जोडून झाल्यावर वेळ लावायची. बॅलन्सच्या पुलावर छोटी कळ असते. ती किंचित सरकवली की हेअरस्प्रिंगची चालती लांबी कमी-जास्त होते. लांबी कमी केली की घड्याळ पुढे पळते. मिलान करायला आकाशवाणीच्या बातम्यांआधीचे ठोके. घड्याळ दोन-तीन दिवस खिळ्याला टांगून ठेवत, मग उताणे ठेवत, कारण टांगलेले आणि आडवे घड्याळ एकसारखे चालत नाही. गिऱ्हाईक म्हणे, “मिनिटभर मागं पडतंय.” दिवसाची मिनिटे १,४४०, त्यांत एकाची चूक. आमच्या भागातल्या एसटीच्या आणि सरकारी कचेऱ्यांच्या वेळा पाहता हा माणूस फारच चोख काम करत होता.

घात केला तो क्वार्ट्‌झने, असे सांगितले जाते. ते अर्धे खरे. २५ डिसेंबर १९६९ ला जपानच्या सेइकोने पहिले क्वार्ट्‌झ मनगटी घड्याळ विकायला आणले. पुढे रूढ झालेल्या अशा घड्याळांत स्फटिकाचा काटा सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो आणि इलेक्ट्रॉनिक सर्किट ती संख्या पंधरा वेळा निम्मी करत सेकंदाच्या एका ठोक्यावर आणते. चावी नाही, धुलाई नाही, तेल नाही. सेल संपला की नवा. स्विस उद्योग त्यात अर्धामुर्धा कोसळला. एचएमटीला हे माहीत नव्हते असे नाही. १९८१ च्या सुमारास तिने स्वतःचे क्वार्ट्‌झ घड्याळ काढले. पण तिने खरा भर चावीच्या घड्याळावर ठेवला. रांगा लावून घेणाऱ्या गिऱ्हाइकाची सवय झालेल्या कंपनीला गिऱ्हाईक शोधायला बाहेर पडणे जमले नाही. १९८४ मध्ये टाटा आणि तमिळनाडू सरकार यांची टायटन उभी राहिली, १९८७ मध्ये तिची घड्याळे बाजारात आली, आणि घड्याळ ही ‘गरजेची वस्तू’ न राहता ‘हौसेची वस्तू’ झाली. कारखाना बेंगळुरूच्या उंबरठ्यावर, होसूरला. म्हणजे शेजाऱ्यानेच बाजार नेला. एचएमटीच्या अधिकाऱ्यांनी नवे नमुने मागितले तेव्हा मंजुरी फायलींमधून येई. टायटनचे घड्याळ तोवर दुकानाच्या काचेत असे. माझे मत विचाराल तर क्वार्ट्‌झने नव्हे, रांगेच्या सवयीने कारखाना मारला.

१९९१ नंतर आयात खुली होत गेली, स्वस्त घड्याळांचा लोंढा आला. २००० मध्ये एचएमटी वॉचेस ही वेगळी उपकंपनी केली, पण तोटा वाढतच गेला. जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ती बंद करण्याचा निर्णय घेतला. कामगारांना स्वेच्छानिवृत्ती मिळाली. तुमकूरच्या कारखान्याची जमीन पुढे इस्रोकडे गेली. जालहळ्ळीत एचएमटीने २०१९ मध्ये वारसा संग्रहालय उघडले. तिथे यंत्रे, घड्याळांचे सुटे भाग आणि जुन्या जाहिराती पाहता येतात. बेंगळुरूला शिकायला गेलेल्या मुलांनी एक रविवार तिथे घालवावा.

बंद होताच एक उलटी गोष्ट घडली. आयुष्यभर ज्यांना एचएमटी गावठी वाटले त्या पिढीची मुले पायलट आणि जनता शोधू लागली. मुंबईच्या जुन्या बाजारात जुन्या मशीनवर नव्या रंगवलेल्या तबकड्या बसवून ‘व्हिंटेज’ घड्याळे तयार होऊ लागली, आणि इंटरनेटवरून ती देशभर गेली. कधी लाल, कधी फिरोजी, कंपनीने कधी न काढलेल्या रंगांतली. आपल्या भागातले घड्याळजी ते उघडतात, आत पाहतात आणि हसतात. त्यांच्याकडे सुटे भाग नवे येत नाहीत. एका मेलेल्या जनतेतला बॅलन्स दुसऱ्या चालत्या जनतेत जातो, पायलटचे क्राउन, म्हणजे चावीचे बटण, कोहिनूरला लागते. जुन्या पत्र्याच्या डब्यांत अशी शेकडो घड्याळांची हाडे जमा आहेत, आणि त्यांवरच हा धंदा चालला आहे. नवे पोर या कामाला बसत नाही. मोबाइल दुरुस्तीत दिवसाला जे मिळते ते इथे आठवड्याला मिळते, हा हिशेब त्याला कळतो, आणि त्यात त्याचे चुकते असे मला वाटत नाही.

ज्यांच्या कपाटात घड्याळ आहे त्यांच्यासाठी थोडे कामाचे. वर्षानुवर्षे पडून असलेल्या घड्याळाला एकदम चावी देऊ नका. आतले तेल सुकून गोंद झालेले असते, चालवले तर टोके झिजतात. आधी उघडून धुवून घ्या. मग रोज एकाच वेळी, शक्यतो सकाळी, चावी द्या आणि ती अडली की थांबा. एका चावीत घड्याळ दीड दिवस चालते, पण मेनस्प्रिंग सैल झाल्यावर वेळ बिघडते, म्हणून रोजची सवय बरी. तबकडी कितीही पिवळी पडली तरी नवी रंगवून घेऊ नका. मूळ तबकडी गेली की ते तुमच्या आजोबांचे घड्याळ उरत नाही. मागच्या झाकणावरचा नंबर कागदावर उतरवून ठेवा. रेडिओ, स्पीकर आणि मोबाइलपासून दूर ठेवा. आणि घड्याळजीने दोन-तीन दिवस ठेवून घ्यायला सांगितले तर घाई करू नका. तो वेळ उताणे आणि उभे दोन्ही तपासण्यासाठी लागतो.